खाडा

सकाळी सात वाजता भाच्याचा मोबाइल टुणकन वाजायचा. तो डोळे न उघडताच उशीखालून मोबाइल काढायचा, अंगठ्याने पाचसहा टिचक्या मारायचा आणि पुन्हा पालथा व्हायचा. मला वाटायचं, गजर बंद करतोय. चौथ्या दिवशी विचारलं तेव्हा कळलं, की ती हजेरी होती. क्लबकडून रोज प्रश्न येतात. झोप कशी लागली, थकवा किती, अंग किती दुखतंय, मनावर ताण आहे का. प्रत्येकाला एक आकडा द्यायचा. एक म्हणजे झकास, सात म्हणजे वाईट.

"मग आज काय भरलंस?"

"सगळीकडं दोन."

आणि पाच मिनिटांनी हाच दोनवाला पोरगा जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी चाचपत, उजवी टाच टेकवू की नको करत खाली उतरत होता. वय तेवीस. वरच्या मजल्यावरच्या आजी त्याच्या पुढे निघून गेल्या.

भोसरीत पस्तीस वर्षं मस्टरवर अंगठा, सही आणि शेवटी कार्ड मारलेल्या माणसाला या खोट्या दोनचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही.

तो माझ्या बहिणीचा मुलगा. बहीण कोल्हापुरात दिली आहे आणि कोल्हापुरात फुटबॉल हा तालमीचा खेळ आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. बाहेरच्या माणसाला ही नावं कुस्तीची वाटतात, पण शाहू स्टेडियमवर झेंडे घेऊन माणसं जातात ती याच नावांच्या फुटबॉल संघांसाठी. 2017 साली भारतात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव दिसला, तेव्हापासून आमच्या या पोराच्या डोक्यात दुसरं काही शिरलं नाही. आता तो परराज्यातल्या एका क्लबकडून खेळतो. हंगाम संपून सराव सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत दहाबारा दिवस मामाकडे आला होता. घरी गेलो तर तालमीची पोरं मैदानावर ओढतात, म्हणून इकडे. इंद्रायणीनगरला महापालिकेचं संत ज्ञानेश्वर क्रीडा संकुल आहे, तिथल्या धावपट्टीवर पळायचं आणि मामीच्या हातचं जेवायचं, असा बेत.

त्याच्या सामानात एक काळी, छातीपर्यंतच येणारी घट्ट बंडी होती. मामीने धुवायला घेतली आणि मला हळूच विचारलं, हे कुणाचं? मग त्याने समजावून सांगितलं. दोन खांद्यांच्या मधोमध पाठीवर एक कप्पा असतो, त्यात काडेपेटीएवढं यंत्र बसतं. ते उपग्रहाशी बोलतं. खेळाडू किती पळाला, त्यातलं ताशी वीस किलोमीटरच्या वर किती, किती वेळा एकदम वेग घेतला, किती वेळा करकचून थांबला, सगळं संध्याकाळी पडद्यावर. सामन्यात मधल्या फळीतला खेळाडू दहा-अकरा किलोमीटर पळतो. ऐकायला काही विशेष नाही, आळंदीला चालत जाणारी बाई त्याहून जास्त चालते. जीव काढतं ते पळणं नव्हे, ते थांबणं, वळणं, परत सुटणं. गाडी चालवणाऱ्याला विचारा, ब्रेक कशाने झिजतो.

यंत्राशिवायचाही एक हिशोब आहे आणि तो मला फार आवडला. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला विचारतात, शून्य ते दहापैकी आज किती जड गेलं? तो आकडा गुणिले मिनिटं. नव्वद मिनिटांचा सराव आणि सात म्हणाला, तर सहाशे तीस. कार्ल फॉस्टर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ही रीत रूढ केली. अर्धा तास का थांबायचं, तर लगेच विचारलं की शेवटच्या धावेचाच दम बोलतो, सबंध सरावाचा नाही. मी आयुष्यभर नग गुणिले मिनिटं हा हिशोब पाहिला. टार्गेट, सायकल टाइम, एफिशियन्सी. त्या गुणाकारात "किती जड गेलं" हा आकडा कुणी घातला असता तर भोसरीतल्या बऱ्याच शेड्सचं उत्तर वेगळं आलं असतं.

पण आकडा खरा सांगितला तर. "खरं भरलं तर फिजिओ बोलवतोय मामा. त्यानं बोलवलं की कोचला कळतंय. कोचला कळलं की शनवारी बाहेर. आन् माझ्या जागी जो खेळंल त्यो काय मला जागा परत देणाराय व्हय?" त्याचा करार वर्षाचा. मे संपला की पुढचं पुढं.

असं बाहेर बसण्याला आमच्याकडे खाडा म्हणतात. मस्टरवर नावापुढचा रिकामा चौकोन. पगारी रजा नव्हे, आजारपण नव्हे, सुट्टी नव्हे. आला नाही, पैसे नाहीत. कायम झालेल्याला खाडा परवडतो. कंत्राटी पोराला महिन्यात तीन खाडे पडले की ठेकेदार चौथ्या दिवशी गेटवरून परत पाठवतो. कायम करावं लागू नये म्हणून, 240 दिवस भरायच्या आत मुद्दाम दिलेला ब्रेक वेगळाच. ती विश्रांती कुणाच्या अंगाला लागल्याचं मी पाहिलेलं नाही.

मी 1983 साली भोसरीत आलो. लांडेवाडीत पत्र्याच्या खोलीत पाच जण राहायचो. तिघं कामावर असली की दोघं झोपलेली, त्यामुळे गाद्या तीन पुरायच्या. पहिली नोकरी एका छोट्या प्रेस शॉपमध्ये होती. पुढे हीट ट्रीटमेंटला गेलो आणि तिथेच निवृत्त झालो, पण माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर त्या पहिल्या शेडमध्ये राहिलं. डबल मारली होती. सेकंड शिफ्ट संपवून तशीच थर्ड. पहाटेचे चार वाजले असतील. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली यायला हवा, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. आमच्याकडे एका बटणात लाकडाची चिपटी खोचून ते कायमचं दाबून ठेवलेलं असायचं, काम भराभर होतं म्हणून. तासाभरापूर्वीच सुपरवायझर येऊन गेला होता. वाईट माणूस नव्हता तो. त्याने खांद्यावर हात ठेवून विचारलं होतं, "जमेल ना रे?" मी म्हणालो होतो, "ठीक आहे."

ते "ठीक आहे" आणि भाच्याचं "सगळीकडं दोन" हे एकच वाक्य आहे.

हीट ट्रीटमेंटमध्ये गेल्यावर मला मोडलेल्या वस्तूंचा नाद लागला. गिऱ्हाइकाकडून परत आलेला तुटका शाफ्ट टेबलावर आला की इंजिनिअरसाहेब भिंग घेऊन बसायचे आणि मला जवळ बोलवायचे. ओव्हरलोडने एका दमात मोडलेला तुकडा सबंध खरबरीत असतो, साखर फुटल्यासारखा. थकून मोडलेला वेगळा. त्याच्या एका कडेपासून गुळगुळीत वलयं सुरू होतात. ओहोटीनंतर वाळूवर पाण्याच्या रेघा राहतात ना, तशी. प्रत्येक वलय म्हणजे भेग थोडी पुढे सरकून थांबल्याची खूण. शेवटी एक लहानसा भाग उरतो, तो खरबरीत. मोडला त्या दिवशी सगळा भार त्या शेवटच्या कवडीएवढ्या जागेवर होता. बाहेरून पाहणाऱ्याला आदल्या दिवसापर्यंत शाफ्ट ठणठणीत दिसत असतो.

1842 साली व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस असाच मोडला आणि आगीत पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढे प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्योलर नावाच्या इंजिनिअरने डब्यांचे आस फिरवत ठेवून वर्षानुवर्षं प्रयोग केले. पोलाद मोडायला जेवढा भार लागतो त्याच्या कितीतरी खालचा भारसुद्धा पुरेशा वेळा दिला की ते मोडतं, हे त्याने आकड्यांत मांडलं. साहेब हे सांगायचे तेव्हा शेडमधली पोरं हसायची. लोखंड थकतं म्हणे! मी हसत नसे. मला माझं बोट आठवे.

भाच्याची तक्रार घोट्यामागच्या जाड शिरेची होती. इंग्रजीत तिला ग्रीक वीर अकिलीसचं नाव आहे. ही शीर लबाड. सकाळी उठल्यावर पहिली पन्नास पावलं जीव घेते, मग अंग तापलं की गप्प बसते. सराव झक्क होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कठडा. म्हणजे जे पाठीवरच्या यंत्राला दुपारी दिसत नाही ते माझ्या जिन्याला सकाळी सात वाजता दिसत होतं. डीकिन विद्यापीठातल्या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी 2016 साली असे पुष्कळ अभ्यास एकत्र वाचून असंच म्हटलं होतं, की रक्ताच्या आणि नाडीच्या मोजणीपेक्षा खेळाडूने स्वतः सांगितलेलं "आज बरं नाही वाटत" हेच वाढत्या भाराचा माग जास्त चांगला काढतं. फक्त त्याने ते सांगायला हवं.

मी त्याला बळेच दिघी रोडवरच्या एका फिजिओकडे नेलं. मला वाटत होतं ती महिनाभर गादीवर झोपवेल. तिने उलटंच केलं. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, टाचा हवेत, आणि सगळं वजन त्या दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश खाली सोडायची. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. दुखलं तरी थोडं चालेल म्हणाली. या व्यायामामागे एक गंमत आहे. स्वीडनमधले हाड-सांध्यांचे डॉक्टर होकान आल्फ्रेडसन यांची स्वतःचीच ही शीर दुखत होती. शस्त्रक्रिया करायला वरिष्ठ तयार होईनात. मग शीर एकदाची तुटू दे, म्हणजे करावीच लागेल, म्हणून त्यांनी तिच्यावर मुद्दाम भार टाकायला सुरुवात केली, असं सांगतात. शीर तुटली नाही, बरी झाली. 1998 साली त्यांनी पंधरा हौशी खेळाडूंवरचा अभ्यास छापला आणि जगभरचे खेळाडू जिन्यांवर टाचा सोडू लागले.

इथे माझं शाफ्टचं शास्त्र अपुरं पडलं आणि मला त्याचा आनंद झाला. लोखंडाला एकदा भेग पडली की ती मागे फिरत नाही. शाफ्टला रात्र नसते. शीर, हाड, स्नायू यांना असते. दिवसा भार घ्यायचा, रात्री त्याच जागी अंग आधीपेक्षा जाड भरून काढायचं. भार तोच, तो उतरल्यानंतर किती वेळ मिळाला यावर सगळं. युरोपात याच वेळेची चोरी चालते. बार्सिलोनाचा पेद्री 2020-21च्या हंगामात क्लब आणि देश मिळून 73 सामने खेळला, वय अठरा. युरो संपून महिना होत नाही तोच ऑलिंपिक. पुढचा हंगाम मांडीच्या स्नायूने खाल्ला. तिकडच्या मोठ्या क्लबांच्या दुखापतींची नोंद 2001 पासून ठेवली जाते. त्यात मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा वाटा वीस-एकवीस हंगामांत 12 टक्क्यांवरून 24 वर गेला. यंत्रं वाढली, डॉक्टर वाढले, दुखणंही वाढलं, कारण सामने वाढवणारा माणूस त्या पडद्यासमोर बसत नाही.

कमी भारही घातकच बरं का. महिनाभर पडून राहिलेला खेळाडू पहिल्या आठवड्यात मोडतो. गेल्या आठवड्याचा भार भागिले गेल्या चार आठवड्यांची सरासरी, असं एक गुणोत्तर मध्यंतरी फार गाजलं. इतक्या ते इतक्याच्या मध्ये राहा, सुरक्षित आहात. मग इतर संशोधकांनी त्या गणिताच्या चिंध्या केल्या. पण एकदम उडी मारू नये, एवढं त्यातून उरलं, आणि तेवढं भोसरीला आधीच ठाऊक होतं.

भोसरी मूळची पैलवानांची. थर्ड शिफ्ट करून सकाळी घरी जाताना मी गावठाणातल्या तालमीच्या दारात टेकायचो. हौद्यातल्या लाल मातीचा, तेलाचा आणि ताकाचा आंबूस वास यायचा आणि कंपनीतला क्वेंचिंग ऑइलचा वास नाकातून जायचा. तिथले म्हातारे वस्ताद कुणाला "कसं वाटतंय" असं विचारत नसत. पोरगा लंगोट कसतानाच बघायचे. घाम लवकर फुटला का, जोर मारताना कंबर खाली पडते का, जोडीदाराची मान धरली तर हात सुटतो का. आजारपणातून उठलेल्या पोराला पहिल्या दिवशी शंभर बैठका सांगायचे आणि तो दोनशे मारायला लागला की शिवी हासडायचे. एकदा चांगला तगडा गडी त्यांनी दारातूनच परत पाठवला. "अंग उतरलंय. दूध पी, झोप. परवा ये." तो परवा आला, त्याची जोड त्यालाच मिळाली. मी एवढंच बघत होतो, की त्याची जागा गेली नाही.

वस्तादांचं कौतुक जास्त होऊ नये. त्या काळी कान मोडून घेणं हे शिक्षणच होतं आणि गुडघ्याने आयुष्यातून उठलेले पैलवान मी नाशिक रस्त्यावर वॉचमनच्या खुर्चीत पाहिले आहेत. पण कुणीतरी तुमच्या वतीने "आज नको" म्हणायला असणं, ही चीज केवढी मोठी, हे खाशाबांच्या गोष्टीवरून कळतं. 1952, हेलसिंकी. गोळेश्वरचे खाशाबा जाधव जपानच्या इशीशी दीर्घ कुस्ती लढून बाहेर आले आणि त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या मामादबेयोव्हसमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांत किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता. तो दाखवून भांडायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. त्यांनी तिथे मिळवलेलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ब्राँझचं आहे. त्या अर्ध्या तासाचा रंग कोणता असता, हा प्रश्न मी भाच्याला विचारला, तेव्हा तो टाच खाली सोडता सोडता मध्येच थांबला.

दोन गुरुवार तो आमच्याकडे होता. भोसरीचा रविवार गुरुवारी येतो. विजेच्या वाटणीसाठी कारखान्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी लावल्या गेल्या, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला आणि पोरांच्या शाळेला रविवार. बापलेक एकाच दिवशी घरी असायचे नाहीत. तरी गुरुवारी एमआयडीसीतून चाललं की कान एकदम मोकळे होतात. प्रेसचा ठोका नाही, ग्राइंडरची किंकाळी नाही, रस्त्यावर कुत्री आडवी पडलेली. भाचा म्हणाला, "आमाला आसा दिवस मिळतोय खरा, पण त्यो ठरलेला नसतोय." सामना कधी, प्रवास कधी, त्यावर. मी त्याला माउलींच्या पालखीचा हिशोब सांगितला. आळंदीहून निघालेली पालखी पुण्यात दोन मुक्काम करते. मग दिवे घाटाचा सगळ्यात लांब, चढाचा टप्पा. आणि घाट चढल्यावर सासवडला पुन्हा दोन मुक्काम. सगळ्यात जड दिवसाच्या दोन्ही बाजूंना विसावा. लाखांची रांग, त्यात सत्तरीच्या बाया, आणि नियोजन असं की क्लबने शिकून घ्यावं.

"पण माउली काय जागा काढून घेत न्हाईत," तो म्हणाला.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहाटे साडेपाचला पीएमटी चौकात चाकणच्या कंपन्यांच्या बसगाड्या लागतात. एके दिवशी आम्ही दोघं तिकडे चालायला गेलो होतो. बावीस-तेवीस वर्षांची पोरं, विदर्भातली, मराठवाड्यातली, पाठीवर सॅक, कानात वायर, उभ्या उभ्या झोपलेली. भाचा त्यांच्याकडे बघत राहिला. वय तेच, शरीरयष्टी तीच. त्यातल्या एकाने त्याच्या जर्सीवरचं क्लबचं नाव वाचलं आणि विचारलं, "भाऊ, खरंच खेळता का?" फोटो काढला. मग बस आली आणि सगळे चढले. एकाच्या चालीत मला टाच दिसली. कदाचित माझ्या डोळ्यांचा दोष असेल.

निघायच्या दिवशी त्याने टाच सोडायच्या व्यायामासाठी क्लबच्या वसतिगृहातली पायरी कशी आहे याचा विचार केला आणि मामीकडून एक जाड पाट मागून घेतला. मी त्याला काही सांगितलं नाही. "खरं भर" असं मी सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या मस्टरवर खाडा मांडणं. मी स्वतः त्या रात्री खरं बोललो नव्हतो. नऊ बोटं आणि एक तोकडं, एवढीच माझी त्यातली पात्रता.

सहा आठवड्यांनी रात्री त्याचा फोन आला.

"मामा, आज अंगदुखीला सहा भरलं."

"मग?"

"फिजिओनं बोलवलं. तपासलं. दोन आठवडं मैदान बंद, नुसती जिम आन् पायरी. खाडा पडला बगा."

पुढचे दोन सामने तो स्टँडमध्ये बसून होता. त्याच्या जागी मिझोरामचा एकोणीस वर्षांचा पोरगा खेळला आणि दुसऱ्या सामन्यात त्याने गोल केला. भाचा आता पुन्हा सरावाला उतरला आहे. सकाळी जिना सरळ उतरतो म्हणाला. संघात अजून घेतलेलं नाही.